मनगट धरलं, आता काय?

"मी एसटीत वाहक आहे, वय 38. आमची संध्याकाळची शेवटची फेरी खाडीपलीकडच्या गावांना जाते. गेल्या महिन्यात दारू प्यायलेल्या एका प्रवाशाने सुट्ट्या पैशांवरून वाद घातला, माझं डावं मनगट धरलं आणि दुसऱ्या हाताने कॅशबॅगेचा पट्टा ओढला. गाडीत नऊ-दहा माणसं होती. मी नुसती हात मागे ओढत राहिले, सुटता आलं नाही. शेवटी चालकदादांनी गाडी थांबवून त्याला उतरवलं. मनगटावरचे वळ चार दिवसांत गेले, पण आता कोणी जवळ येऊन उभं राहिलं तरी अंग आखडतं. तालुक्याच्या गावी दर रविवारी ज्युदो आणि जिउ-जित्सूचा वर्ग सुरू झालाय. मिस्टर म्हणतात, कराटे शीक, एक लाथ बसली की माणूस आडवा. ही झोंबाझोंबी खऱ्या मारामारीत काय कामाची? सासूबाईंना परक्या पुरुषांच्या अंगाशी झटणं पटत नाही. मला कंबरेचा थोडा त्रासही आहे. शिकू का?"

– एक वाहक, रत्नागिरी जिल्हा

ताई, शिका. या रविवारीच जा.

तुमच्या मिस्टरांच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे. त्या माणसाने तुम्हाला ठोसा मारला नाही, लाथ मारली नाही. त्याने धरलं. एका हातात मनगट, दुसऱ्या हातात पट्टा. बाईवर हात टाकला जातो तो बहुतेक वेळा असाच. मी रत्नागिरीत तीस वर्षं मुलींना आणि बायकांना ज्युदो शिकवते. पहिल्या दिवशी प्रत्येकीला एका कागदावर नाव न घालता लिहायला सांगते, की आजवर तुमच्याशी कोणी काय केलं. ते कागद वाचताना जीव गलबलतो, पण त्यातून एक गोष्ट लख्ख कळते. मनगट धरलं, दंड धरला, केस धरले, ओढणी ओढली, मागून कवळा घातला, भिंतीशी दाबून धरलं. घरातल्या मारहाणीबद्दल लिहिणाऱ्या बायकाही लिहितात की थप्पड बसली ती केस धरून. पकड आधी येते, मार मागाहून. म्हणून शिकायचं तेही याच क्रमाने शिकावं, असं माझं ठाम मत आहे.

आणखी एक. धरणारा बहुतेक वेळा अनोळखी नसतो. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे अहवाल वर्षानुवर्षं हेच सांगतात की बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत दहापैकी नऊहून जास्त वेळा आरोपी ओळखीतला असतो. तुमचा तो प्रवासीसुद्धा तुमच्याच मार्गावरचा असणार, आणि उद्या पुन्हा तिकीट मागायला तुमच्यासमोर उभा राहणार. ओळखीच्या माणसाने हात धरला की बाईचा हात त्याच्या नाकावर मारायला उठत नाही. नातं आडवं येतं, गाव आडवं येतं, नोकरी आडवी येते. मारणं आणि सोसणं यांच्या मध्ये एक पायरी हवी असते. ती पायरी कुस्तीच्या अंगाने जाणाऱ्या विद्यांमध्ये आहे: इजा न करता सुटणं, इजा न करता आवरणं.

कराटेला मी नावं ठेवत नाही. अंतर असेल तर लाथेसारखं शस्त्र नाही, आणि उघड्या तळहाताचा एक फटका व पोटातून काढलेली आरोळी मी माझ्या मुलींनाही शिकवते. पण तुमची ड्यूटी कुठे चालते ते डोळ्यांसमोर आणा. दोन बाकड्यांमधली वाट, जिथून एक माणूस सरळ आणि दुसरा तिरका होऊनच जाऊ शकतो. एका बाजूला खांब, पाठीशी कोणाची तरी पिशवी, पायाशी मासळीची टोपली, आणि घाटातलं वळण आलं की अख्खी गाडी एका अंगाला झुकते. तिथे लाथ मारायला एक पाय उचललात तर आधी तुम्हीच पडाल. तिथे कामी येतो तो तोल, आणि अगदी जवळ आलेल्या माणसाच्या वजनाशी आपलं वजन कसं लावायचं याची समज.

ही समज बोलून येत नाही, आणि दुसऱ्याचं पाहूनही येत नाही. 1882 मध्ये जिगोरो कानो यांनी टोकियोत ज्युदोची शाळा उघडली तेव्हा त्यांनी जुजुत्सू या जुन्या जपानी झुंजविद्येतले ठोसे आणि जीवघेणे डाव मोकळ्या सरावातून बाजूला काढले. त्यातला विचार फार खोल आहे. डोळ्यात बोट घालण्याचा सराव खऱ्या माणसावर पूर्ण जोराने करता येत नाही, तो हवेतच करावा लागतो. पण पाडणं, दाबून ठेवणं, सुटणं हे रोज, पूर्ण ताकदीने विरोध करणाऱ्या माणसाबरोबर करता येतं, आणि दोघंही संध्याकाळी धडधाकट घरी जातात. आपल्या तालमीतही हेच चालत आलं आहे. पठ्ठा रोज खडाखडीला उभा राहतो, समोरचा खरोखर जोर लावतो, डाव फसतो, परत लागतो. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी 1952 मध्ये हेलसिंकीत देशाला वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणून दिलं, ते अशाच रोजच्या झुंजीतून घडले होते. पुढे ते पोलीस खात्यात गेले. विरोध करणारं अंग हातात आल्यावर काय वाटतं हे ज्याला माहीत आहे, तो माणूस पहिल्या झटक्याला गोठत नाही. तुम्ही लिहिलंत की "नुसती ओढत राहिले". ताई, त्यात तुमची काही चूक नाही. तुमच्या शरीराला ते ठाऊकच नव्हतं, कारण आजवर कोणी तुम्हाला सरावासाठी धरलंच नव्हतं.

कानोंचे शिष्य मित्सुयो माएदा 1914 मध्ये ब्राझीलला पोचले. त्यांनी तिथे जे शिकवलं त्यातून ग्रेसी घराण्याने जिउ-जित्सूची आपली पद्धत वाढवली. 1993 मध्ये अमेरिकेत डेन्व्हरला, वजनगट न पाळता, वेगवेगळ्या विद्यांच्या लोकांची आपसात लढत लावली गेली. ती जिंकली रॉयस ग्रेसी या सडपातळ माणसाने, आणि तीही मुख्यतः जमिनीवर गुंतवून. त्यानंतर जगभर जिउ-जित्सूचे वर्ग निघाले. तुमच्या तालुक्याला ती लाट आता पोचली आहे आणि मला त्याचा आनंद आहे. फक्त एवढं लक्षात असू द्या, की डेन्व्हरच्या त्या जाळीच्या पिंजऱ्यात एका वेळी एकच माणूस समोर होता, पायाखाली गादी होती, आणि कोणाच्या कंबरेला कोयती नव्हती.

इथे मला माझी स्वतःची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण वर्गात हे कोणी सांगतं, कोणी सांगत नाही.

माझे वडील कोल्हापूरकडचे, नोकरीसाठी रत्नागिरीत आलेले. मुलीने लाल मातीत उतरायचा तो काळ नव्हता, म्हणून त्यांनी मला ज्युदोच्या गादीवर सोडलं. 24 वर्षांची असताना मी स्पर्धांमध्ये खेळत होते आणि अंगात रग होती. एका संध्याकाळी मांडवीच्या किनाऱ्याजवळ दोघं मागे लागले. एकाने दंड धरला. मी क्षणही न घालवता पाय लावून त्याला पाडलं, आणि सवयीने त्याच्याबरोबर मीही खाली गेले. त्याच्या मानेभोवती हात, छातीवर छाती, अगदी स्पर्धेत धरतात तशी पक्की पकड. तो हलू शकत नव्हता. पकड टिकली की स्पर्धेत पंच सेकंद मोजतात, तेच आकडे मनात चालू होते. आणि मी एका माणसाला धरून बसले असताना दुसऱ्याने माझ्या बरगड्यांत लाथा घातल्या. दोन बरगड्यांना चीर गेली. माझा डावा गुडघा जांभ्याच्या पायरीवर असा सोलवटला की तो व्रण आजही आहे. मासळी विकून परतणाऱ्या तीन-चार कोळणींनी टोपल्या टाकून आरडाओरडा केला म्हणून वाचले. महिनाभर कूस बदलता येत नव्हती. त्या महिन्यात मला उमगलं की माझा डाव उत्तम होता, पण मी तो चुकीच्या ठिकाणी संपवला. पाडल्यावर मला सोडून पळायला हवं होतं.

आखाड्याची माती ताक, तेल, हळद, लिंबू घालून मऊ केलेली असते. आपल्याकडची जमीन म्हणजे जांभा. गडगा म्हणजे कुंपणाची भिंत जांभ्याची, पाखाडी म्हणजे पायऱ्यांची वाट जांभ्याची, विहिरीचा काठ जांभ्याचा. त्यावर कोणाला उचलून आपटलंत तर त्याचं डोकं फुटेल, आणि त्याच्याबरोबर तुम्ही पडलात तर तुमचे गुडघे जातील. म्हणून वर्गात जे शिकाल त्याचे मनात दोन कप्पे करा. खेळासाठीचं सगळं आनंदाने शिका, त्याने अंग तयार होतं. पण रस्त्यासाठी आणि गाडीसाठी चारच गोष्टी लागतात: पकडीतून सुटणं, उभं राहून आवरणं, नीट पडणं आणि खालून वर उठणं.

तुमचाच प्रसंग घेऊ. त्याने उजव्या हाताने तुमचं डावं मनगट धरलं आहे. तुम्ही हात सरळ मागे ओढलात. मागे ओढताना तुमची लढाई त्याच्या चार बोटांशी होती, आणि चार बोटांपुढे बाईचा दंड टिकत नाही. पकडीत नेहमी एक फट असते, अंगठ्याचं टोक आणि बोटांची टोकं जिथे भेटतात तिथे. मागे जाऊ नका, उलट अर्धं पाऊल त्याच्याकडे टाका. कोपर आपल्या बरगडीशी आणा. मूठ वळून तिला आपल्याच दुसऱ्या हाताने धरा, म्हणजे आता त्याच्या एका हाताविरुद्ध तुमचे दोन हात आणि अख्खी कंबर आहे. मग कोपर त्याच्या कोपराच्या दिशेने पुढे रेटा आणि मनगट त्या फटीतून वर काढा. खेच दंडाची नसते, सगळं अंग वळतं. कुठल्याही वर्गात पहिल्याच दिवशी हे दाखवतात आणि दहा मिनिटांत ते जमतं. पण दारूच्या नशेत घट्ट धरलेल्या मुठीतून, चालत्या गाडीत, घाबरलेल्या अवस्थेत ते जमायला दोन-तीन महिने खरोखर जोर लावणाऱ्या जोडीदाराबरोबर करावं लागतं.

पट्ट्याचं याच्या उलट आहे. तो पट्टा ओढतोय तर त्याच्या ओढीला झगडू नका. ज्युदोचा मूळ धडाच हा, की ओढलं तर ढकल, ढकललं तर ओढ. तो ओढतोय त्या दिशेने एक पाऊल झपकन टाका. ओढणाऱ्याला समोरून विरोधाची अपेक्षा असते, तो मिळाला नाही की तो मागे कलंडतो. त्याच क्षणी त्याच्या एका हाताला तुमचे दोन्ही हात लावा, एक मनगटावर, दुसरा कोपराच्या वर दंडाला. तुमचा खांदा त्याच्या खांद्याला चिकटवा आणि डोकं त्याच्या गालाशी टेकवा. आता तुम्ही त्याच्या पुढ्यात नाही, बाजूला आहात. तो हात तुमच्या ताब्यात आहे आणि दुसऱ्या हाताचा फटका तुमच्यापर्यंत नीट पोचत नाही. तिथून तुमचं वजन त्याच्या दंडावर टाकत त्याला शेजारच्या बाकावर बसवा. "काका, खाली बसा. हात सोडा." हे मोठ्याने, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं. तो बसला की सोडा आणि चालकाच्या दिशेने दोन बाकं लांब सरका.

बसलेल्या माणसाला उठून पुन्हा अंगावर यायला वेळ लागतो, तेवढ्यात चालकदादा गाडी कडेला घेतात. त्यांच्याशी आधीच ठरवून ठेवा, की बेल सलग वाजत राहिली तर काही विचारायचं नाही, थांबवायचं आणि दिवे लावायचे. शक्य असेल तिथे हे दोन मिनिटांचं बोलणं प्रत्येक नव्या चालकाबरोबर ड्यूटीच्या सुरुवातीला करून घ्या. आणि गाडीतल्या त्या नऊ-दहा जणांचं म्हणाल, तर "कोणीतरी या" असं म्हटलं की कोणीच उठत नाही. "निळा शर्ट घातलेले भाऊ, इकडे या, याचा दुसरा हात धरा" असं बोट दाखवून सांगितलं की माणूस उठतो. हे मी अनेकदा पाहिलं आहे.

केस धरले तर दोन्ही हातांनी त्याची मूठ आपल्या डोक्यावरच दाबून ठेवा, म्हणजे ओढ कातडीला लागत नाही, मग त्याच्याकडे तोंड करून वळा. मागून कवळा घातला तर पाय फाकवून एकदम खाली बसल्यासारखं वजन टाका. उभं अंग उचलता येतं, बसलेलं येत नाही.

पडायला शिकण्याबद्दल मात्र थोडं थांबून बोलते, कारण आयुष्यात तुम्हाला सगळ्यांत जास्त उपयोग याचाच होणार आहे. हल्ला कदाचित पुन्हा कधीच होणार नाही. पण चालकाने करकचून ब्रेक दाबला, शेवाळलेल्या पाखाडीवरून पाय घसरला, पावसाळ्यात अंगणात पडलात, हे तर होणारच. पडताना माणूस हात पुढे रोवतो आणि मनगट मोडून घेतो, नाहीतर मागे पडतो आणि डोक्याची मागची बाजू आपटून घेतो. वर्गात पहिले काही दिवस तुमच्याकडून फक्त पडून घेतील. हनुवटी छातीला, नजर स्वतःच्या कंबरेच्या गाठीवर, पाठ गोल, आणि जमीन लागते त्या क्षणी दोन्ही हात तिरके पसरून जमिनीवर थाप. कंटाळा येईल. तरी करा. माझ्याकडे येणाऱ्या एका साठीच्या बाई नारळाच्या बागेत ओल्या झापावरून घसरल्या. काही विचार न करता त्यांची हनुवटी छातीला गेली आणि त्या उठून घरी चालत आल्या. शेजारी चिऱ्यांची रास होती.

आणि खाली पडलात, वर माणूस आहे, तर? इथे जिउ-जित्सूला तोड नाही. गुडघे छातीशी घ्या आणि पायाचे तळवे त्याच्या कंबरेवर रोवा. त्याला अंगाला चिकटू द्यायचं नाही. मग एका कुशीवर वळून बूड मागे फेकायचं, पुन्हा दुसऱ्या कुशीवर, पुन्हा मागे. कोळंबी पकडायला गेलं की ती कशी अंग आखडून झटक्यात मागे उडते, तसंच. जपानी लोक या हालचालीला कोळंबीचंच नाव देतात. हर्णै बंदराच्या आसपासच्या मुलींना हे एकदा सांगितलं की पुन्हा समजवावं लागत नाही. दोन हात जागा झाली की एक तळहात मागे टेकवून, त्याच्या विरुद्ध बाजूचा पाय रोवून, दुसरा पाय अंगाखालून मागे खेचत उठायचं, नजर त्याच्यावरच. या उठण्याला वर्गात फार कमी वेळ देतात, कारण स्पर्धेत त्याला गुण मिळत नाहीत. तुम्ही प्रशिक्षकांना मुद्दाम सांगा, की मला हे रोज वीस वेळा करायचं आहे.

आता जिथे ही विद्या कामाची नाही ते. हत्यार असेल तर झटू नका. आपल्याकडे माडाच्या नाहीतर सुपारीच्या बागेतून आलेला गडी कंबरेच्या आकडीला कोयती लावूनच गाडीत चढतो. त्यात काही वावगं नाही, ते त्याचं रोजचं अवजार. पण वाद सुरू झाला की चेहऱ्याआधी त्याचे हात आणि कंबर बघा. हात मागे जात असेल तर पकड विसरा. बॅग टाका, बाक मध्ये घ्या, लांब व्हा. पैशांचा हिशेब नंतर देता येतो. दोघं-तिघं असतील तर कोणालाही धरून थांबायचं नाही, माझ्या बरगड्या आठवा. आणि गळा आवळण्याचे डाव वर्गात शिकवतील, ते गादीवर जरूर शिका, पण गाडीत कोणावर वापरू नका. मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबल्या गेल्या की माणूस काही सेकंदांत बेशुद्ध होतो. प्यायलेला माणूस तशात ओकला तर गुदमरून मरू शकतो, आणि मग गुन्हा त्याच्यावर नाही, तुमच्यावर दाखल होईल.

कायद्याचा विषय निघालाच आहे तर मिस्टरांना हेही सांगा. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्यात कलम 34 ते 44 ही स्वसंरक्षणाच्या हक्काची कलमं आहेत. जुन्या दंड संहितेत ती 96 ते 106 होती. स्वतःचा बचाव करताना केलेली कृती गुन्हा नाही. पण कलम 37 म्हणतं की बचावाला लागेल त्यापेक्षा जास्त इजा करायची नाही. सुट्ट्या पैशांवरून मनगट धरणाऱ्या माणसाला लाथ बसली, त्याचं डोकं बाकाच्या लोखंडी कडेवर आपटलं आणि तो गेला, तर चौकीत तुम्हाला काय काय सांगत बसावं लागेल याचा विचार करा. त्याला धरून बाकावर बसवलं असेल तर दहा साक्षीदार तुमच्या बाजूने बोलतील. विनयभंगाचं कलम आता 74 आहे आणि त्याला किमान एक वर्षाची शिक्षा आहे. कर्तव्यावरच्या सरकारी सेवकावर हात टाकल्याचं कलम 132. गेल्या महिन्यातल्या प्रसंगाची तक्रार केली नसेल तर अजूनही करता येते. फोन 112 ला लावायचा, आणि मार्गावर रेंज कुठे आहे आणि कुठे नाही ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

सासूबाईंचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही. त्यांच्या पिढीला परक्या पुरुषाचा स्पर्श म्हणजे फक्त भय आणि बदनामी एवढंच ठाऊक आहे. त्यांना एकदा वर्गाला बरोबर घेऊन जा आणि कडेला बसवा. सुरुवातीला बाईच जोडीदार मागा, तो तुमचा हक्क आहे. कोणी नसेल तर नणंदेला, शेजारणीला, आगारातल्या दुसऱ्या वाहक बाईला ओढून न्या. पण तीन-चार महिन्यांनी, मन तयार झालं की, ओळखीच्या आणि विश्वासाच्या पुरुषाबरोबरही सराव करा. धरणारा पुरुष असणार आहे, त्याचं वजन आणि त्याच्या मुठीची ताकद अंगाला माहीत हवी. तुमचं अंग आखडतं त्यावरचा इलाजही यातच आहे. ज्या पकडीने भीती बसली तीच पकड, तुमच्या परवानगीने, हळूहळू जोर वाढवत, आणि तुम्ही दोनदा थाप मारून 'सोड' अशी खूण केली की लगेच सुटणारी. पन्नास वेळा सुटलात की एक्कावन्नाव्या वेळी श्वास अडकत नाही. तरीही रात्री झोप लागेनाशी झाली किंवा ड्यूटीवर जायचीच धास्ती वाटू लागली, तर जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. त्यात कमीपणा काही नाही.

मिस्टरांनाही यात घ्या. त्यांना काळजी आहे म्हणूनच ते कराटे म्हणतात. रोज जेवणानंतर पाच मिनिटं त्यांना तुमचं मनगट धरायला सांगा. आधी हलकं, मग घट्ट, मग खरोखर घट्ट. तुम्ही सुटलात की काही सांगावं लागणार नाही.

कंबरेसाठी आधी डॉक्टरांना दाखवा आणि ज्युदोला जाणार आहे असं स्पष्ट सांगा. दुखणं पायात उतरत असेल, मुंग्या येत असतील, तर उचलून फेकणं आणि फेकून घेणं बंद. कोळंबी, उठणं, मनगट सोडवणं, उभ्याने आवरणं एवढंच करा, त्यानेही तुमचं काम भागतं. गाडीत आठ-आठ तास उभं राहून धरलेली कंबर या हालचालींनी मोकळी झाल्याचं माझ्याकडे येणाऱ्या बायका सांगतात. पण जोडीदार अंगावर कोसळू देणारा नको. वर्ग निवडताना मी तेवढंच बघते, की थाप मारल्यावर तिथली मुलं खरंच सोडतात का, आणि प्रशिक्षक नव्या माणसाला जुन्या दांडगटाच्या हाती देतात का. देत असतील तर पायात चपला घालून परत या.

नखं कापून जा, मंगळसूत्र आणि बांगड्या घरी ठेवा. दुसऱ्या महिन्यापासून एक दिवस खाकी घालून, जुनी कॅशबॅग गळ्यात अडकवून सराव करू द्या अशी विनंती करा. प्रशिक्षक नाही म्हणणार नाहीत, बहुधा त्यांनाही ते नवीन असेल. दोन बाकं नाहीतर चार खुर्च्या समोरासमोर मांडा, मधली वाट दोन फुटांची ठेवा. त्यांना त्या संध्याकाळची पकड जशीच्या तशी दाखवा: डावं मनगट, उजव्या खांद्यावरून आलेला पट्टा, पाठीमागे खांब. आणि तिथून सुरुवात करायला सांगा.